रमाबाईंच्या वाड्यातला शिवणाचा वर्ग

उज्जैनला महाकालाच्या जुन्या गावातून निघून रेल्वेवरचा पूल ओलांडला की फ्रीगंज लागते. कागदोपत्री ते माधवनगर, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाचे. पण रिक्षावाल्याला माधवनगर सांगितले तर तो क्षणभर विचार करतो. माझी मावशी लग्न होऊन तिथे गेली, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. घरात मराठी, दारात माळव्याची हिंदी, आणि मधल्या खोलीत खिडकीशी पायाने चालणारे शिवणयंत्र. गेल्या दिवाळीनंतर गोव्याहून तिच्याकडे गेले, तेव्हा माझ्या पिशवीत लग्नातल्या पैठणीवरची चोळी होती. दहा वर्षांत ती बाजूला दीड इंचाने कमी पडू लागली होती. इथल्या शिंप्याकडे चवथीपूर्वी गेले, तर त्याने ती उलटी करून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. आत सोडवायला कापडच नव्हते. शिवणीच्या अगदी कडेने कातरलेले होते.

मावशीनेही ती आधी उलटीच केली. चांगला शिवणारा माणूस कपडा उलटा करून वाचतो, हे तेव्हा नीट लक्षात आले. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. मावशी ज्या टेलरकडून सुया आणते ते त्याला मार्जिन म्हणतात, पण तिच्या तोंडी मायाच. माझ्या चोळीत माया नव्हती. मग पैठणीच्या आतल्या टोकाचा, निऱ्यांत झाकला जाणारा वीतभर तुकडा काढून त्याच्या दोन कळ्या बगलेखाली घालायचे ठरले. हात खाली असला की कळी दिसत नाही आणि हात वर केला की ती काठाला जुळते.

हे चालू असताना तिने कपाटातून एक वही काढली. तिच्या सासूबाईंची. जाड, पिवळी पडलेली पाने, आणि प्रत्येक पानावर दोन बोटे रुंदीचा कापडाचा तुकडा टाचलेला: धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज, ठिगळ, रफू. तुकड्याखाली बोरूच्या वळणाच्या अक्षरांत चार ओळींची कृती. सासूबाई लग्नापूर्वी पुण्याच्या सेवासदनात शिकल्या होत्या आणि ही वही घेऊनच उज्जैनला आल्या होत्या. वहीच्या पहिल्या पानावर संस्थेच्या नावाखाली एकच नाव होते, रमाबाई रानडे यांचे.

रमाबाई आज बहुतेकांना न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून ठाऊक आहेत, फार तर 2012 साली दूरचित्रवाणीवर गाजलेल्या मालिकेमुळे. पाटीपेन्सिल हातात घेतलेली लहानगी सून हेच त्यांचे चित्र मनात बसले आहे. त्या चित्रानंतरची पन्नास वर्षे मात्र थोडीच सांगितली जातात, आणि शिवणाचा वर्ग त्या वर्षांतला आहे.

त्यांचा जन्म 1862 चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवण्याची त्या घराची रीत नव्हती. 1873 च्या डिसेंबरात अकराव्या वर्षी त्यांचे लग्न माधवराव रानडे यांच्याशी झाले. माधवराव तेव्हा एकतिशीचे, पुण्यात न्यायाधीश, विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी, आणि पहिली पत्नी जाऊन जेमतेम दोनतीन महिने झालेले. पुन्हा लग्न करायचेच तर ते विधवेशी व्हावे, ही सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली, ती रास्तही होती. एका अर्थी या मुलीचे सासरी येणे हेच तिच्या नवऱ्याच्या सार्वजनिक आयुष्यातले पहिले मोठे अपयश होते.

माधवरावांनी लगेच तिला अक्षरओळख शिकवायला घेतली. पुढे मराठी शिकवायला शिक्षिका आल्या, मग इंग्रजीही सुरू झाले. पण वाड्यात एक पुरुषांचे घर होते आणि एक बायकांचे. दिवसभर रमाबाई बायकांच्या घरात असत. तिथे सासूबाई, नणंद, आश्रित नातलग स्त्रिया अशी मोठी मंडळी होती आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना सुनेने पुस्तक हाती धरणे हा घराचा अपमान वाटे. टोमणे, अबोला, कामातून वगळणे, सगळे झाले. उलट उत्तर द्यायचे नाही, अशी पतीची शिकवण होती आणि ती त्यांनी पाळली. रात्री वरच्या मजल्यावर वाचन, सकाळी पुन्हा स्वयंपाकघर. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींमध्ये या काळाचे वर्णन इतके संयत आहे की आजच्या वाचकाला त्याचा राग यावा. मला आला होता. पण ज्या बायकांनी त्यांना छळले, त्यांच्याच सारख्या बायका पुढे आपल्या दारात कशा येतील, याचे उत्तर त्यांना त्या स्वयंपाकघरातच सापडले असावे, असे आता वाटते.

रानड्यांच्या बदल्यांबरोबर त्या नाशिक आणि धुळे इथे राहिल्या. नाशिकला त्यांनी पहिले भाषण केले. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला आणि या दोन रमाबाई त्यात एकत्र आल्या. 1884 मध्ये मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी हिराबागेत सभा भरली, तीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली. त्या दिवशी सभेहून परतल्यावर घरात त्यांना जे ऐकावे लागले, ते सभेतल्या टाळ्यांहून त्यांच्या अधिक लक्षात राहिले.

सुईदोऱ्याचा राजकीय प्रश्न इथेच उभा राहतो. हुजूरपागेच्या अभ्यासक्रमावर पुण्यात मोठा वाद झाला. टिळकांच्या बाजूच्या मंडळींचा, विशेषतः ‘मराठा’ पत्राचा, आक्षेप असा होता की मुलींना मुलांसारखे इंग्रजी आणि गणित शिकवण्यापेक्षा घरात उपयोगी पडेल ते शिकवावे, आणि शिवणकाम त्यात आलेच. शाळेचे तासही घरकामाला अडचण होणार नाही इतके कमी असावेत. म्हणजे शिवण हे इंग्रजीला दिलेले उत्तर होते. मुलीच्या हाती सुई दिली की पुस्तक आपोआप दूर राहील, अशी त्यामागची मांडणी. सुधारकांच्या गोटात त्यामुळे शिवणाविषयी थोडी अढी बसली असती तर नवल नव्हते. रमाबाईंनी ती बसू दिली नाही.

1893 च्या अखेरीस रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक मंडळ उभारले. त्यात भाषा आणि सामान्यज्ञानाच्या वर्गांबरोबर शिवण व हस्तकामाचे वर्गही होते. घरी नवऱ्याची मित्रमंडळी उद्योगधंद्यांवर बोलत असत. 1890 मध्येच रानड्यांनी पश्चिम भारतासाठी औद्योगिक मंडळ काढले होते, आणि देशाच्या दारिद्र्याचे एक कारण म्हणजे हातांना काम नसणे, हा विचार त्या घरात नित्याचा होता. रमाबाईंनी तो विचार बायकांच्या हातांपर्यंत नेला. शिवण हे घरासाठी की पोटासाठी, हा फरक त्यांनी मुंबईत पाहिला असणार. तिथे शिवलेल्या कपड्याला गिऱ्हाईक होते.

16 जानेवारी 1901 रोजी माधवराव गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हते. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि सुमारे वर्षभर कुणाला भेटल्या नाहीत. बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगात जाण्यासाठी. स्त्री कैद्यांशी बोलायला, त्यांना काही वाचून दाखवायला त्या नियमाने जाऊ लागल्या. मुलांच्या सुधारगृहात आणि रुग्णालयांतही. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपदासाठी ते त्यांच्याकडेच आले. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने, रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात पुणे सेवासदन सुरू झाले. ज्या वाड्यात वाचल्याबद्दल बोलणी खाल्ली, त्याच वाड्यात परक्या घरच्या बायका पाट्या घेऊन येऊ लागल्या.

येऊ लागल्या हे लिहायला सोपे आहे. 1909 च्या पुण्यात विवाहित स्त्री शिकायला जाते म्हटल्यावर घर अडवी आणि विधवा घराबाहेर पडते म्हटल्यावर सगळी गल्ली. परिचर्येच्या वर्गाला तर विशेष विरोध होता, कारण परक्याची, त्यातून परक्या जातीच्या माणसाची शुश्रूषा करायची. त्या मानाने शिवण निरुपद्रवी होते. मुलगी दुपारी शिवण शिकायला जाते, यात सासऱ्याला वावगे वाटत नसे. हुजूरपागेच्या विरोधकांनीच तर शिवणाची शिफारस केली होती! त्या शिफारशीच्या आधाराने बाई दारात आली की शेजारच्या खोलीत वाचन आणि हिशेब होतेच. हळदीकुंकू आणि कथाकीर्तन यांचाही रमाबाईंनी असाच उपयोग करून घेतला. या मार्गाला भित्रेपणा म्हणणारे तेव्हाही होते. पंडिता रमाबाईंची धग या बाईंच्या कामात नाही, हे खरेच आहे. पण पंडिताबाईंकडे येण्यासाठी घर सोडावे लागे. रानड्यांच्या वाड्यात दुपारी येऊन दिवेलागणीपूर्वी परत जाता येत होते.

त्या काळी शिवणाला किती वाव होता, तेही ध्यानात घ्यायला हवे. पुरुषाचे धोतर आणि बाईचे लुगडे दोन्ही बिनशिवणीची वस्त्रे. ब्राह्मण घरातल्या विधवेला तर चोळीही वर्ज्य. घरात शिवले जाई ते म्हणजे खणाची चोळी, तान्ह्याची झबली-टोपडी आणि गोधडी. मधोमध विरलेले लुगडे आडवे कापून, विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडत. त्या जोडाला दंड म्हणत आणि दंडाचे लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण मानले जाई. बाकीचे शिवण शिंप्याच्या दुकानात, पुरुषांच्या हाताखाली. पण विसाव्या शतकाच्या आरंभी पोलकी आली, शाळेच्या मुलांचे सदरे आले, आणि शिवणयंत्र हप्त्यांवर घरापर्यंत आले. आयझॅक सिंगर याने अमेरिकेत 1851 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या यंत्राच्या कंपनीने हप्त्याने विक्रीची पद्धत जगभर नेली, ती हिंदुस्थानातही रुजली. गांधीजींनी 1924 मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या यंत्राला खास अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट पाहून, प्रेमापोटी त्याने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे चरित्र वाचले तर प्रेमापेक्षा पैशाचा हिशेब अधिक दिसतो आणि त्याच्या बायकांविषयी तर न बोललेलेच बरे. यंत्राने मात्र बनवणाऱ्याच्या स्वभावाकडे न पाहता काम केले. विधवेला उंबरठा न ओलांडता चार पैसे मिळवता येतील असे एक साधन हाती आले, आणि ते चालवायला शिकवणारी जागा सेवासदनासारख्या संस्थांनी दिली.

फ्रीगंजच्या त्या वहीत या सगळ्या इतिहासाचा शब्दही नाही. तिच्यात फक्त कामाच्या गोष्टी आहेत, आणि मला त्या इतक्या उपयोगी वाटल्या की मी उतरवून घेतल्या. सुती कापड आणि त्याचे अस्तर, दोन्ही बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. एकच भिजवले तर पहिल्या धुण्यात चोळी आतून आक्रसते आणि बाहेरून फुगते. कापडाच्या काठाशी समांतर जाणारा उभा धागा अंगावरही उभाच यावा. उरेब कापलेला भाग ताणतो, म्हणून तो गळपट्टीला घ्यावा, बाजूला नव्हे. बाजूच्या शिवणीत प्रत्येकी एक इंच माया राखावी, खांद्याला अर्धा इंच. मुंढ्याच्या गोलाईत मात्र माया कमीच हवी, कारण गोलाईत जादा कापड नीट बसत नाही, काखेत ओढ धरते; तिथे टिपेपर्यंत न पोचणाऱ्या बारीक खाचा द्याव्यात. वाढत्या मुलीच्या परकराला खाली चार बोटे कापड मुडपावे आणि वर एक आडवी चूण टिपून ठेवावी. पहिल्या वर्षी चूण उसवायची, दुसऱ्या वर्षी खालची घडी.

उसवण्याची रीत मला मावशीने हातात ब्लेड देऊन शिकवली. दोन्ही बाजूंना धरून फाडायचे नाही. शिवणीच्या एका बाजूचा दर चौथा टाका कापत जायचे, मग कपडा उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा टोकाशी धरून हळूच ओढायचा. तो अखंड निघून येतो आणि कापडाला भोके पडत नाहीत. जुन्या घडीची रेघ राहिली तर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून त्यात रुमाल भिजवायचा, पिळून रेघेवर ठेवायचा आणि वरून इस्त्री फिरवायची. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात करून पाहायचे, रेशमाला तर नक्कीच. नवी टीप घालण्यापूर्वी धावदोऱ्याने कच्चे जोडून कपडा अंगात घालायचा, हात वर करायचे, खाली बसायचे. उभ्याने आरशात बरोबर बसणारी चोळी पानावर बसले की ओरडते, हे मावशीचे निरीक्षण कुठल्याही पुस्तकात मला आढळले नाही. यंत्र टाके सोडू लागले तर मिस्त्रीला बोलावण्याआधी सुई बदलावी आणि दाबपट्टी वर करून दोरा पुन्हा ओवावा. दहांपैकी नऊ वेळा तेवढेच पुरते, असे ती म्हणते.

इथे एक कबुली द्यायला हवी. शाळेत असताना आम्हा मुलींना शिवणाचा तास असे आणि मुले त्या वेळी मैदानावर जात. रुमालाला तुरपाई घालताना खिडकीतून खेळ दिसायचा. त्या तासाचा मला इतका राग होता की पुढे बी.ए.ला रमाबाईंच्या आठवणी अभ्यासाला घेतल्या, तेव्हाही तो मनातून गेला नव्हता. ‘मराठा’कारांना हवे होते ते शेवटी शाळाशाळांत झालेच, असे वाटायचे. तो राग अगदीच अनाठायी नव्हता. शिवणाचे दार आत येण्यासाठी होते, पण अनेक ठिकाणी ते आत कोंडण्यासाठीही वापरले गेले. रमाबाईंच्या वर्गात आणि माझ्या शाळेच्या तासात फरक मजुरीचा होता. तिथे शिकलेली बाई शिवून पैसे मिळवू शके. आम्हाला रुमाल घरी नेऊन दाखवायचा असे.

रमाबाई स्वतः शिवणापाशी थांबल्या नव्हत्या, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांवरून दिसते. मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, केवळ मुलांना नव्हे, यासाठी पुण्यात 1920 च्या सुमारास जी चळवळ झाली, तिच्या अग्रभागी त्या साठीच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. नगरपालिकेकडे पैसे कमी आहेत म्हणून आधी मुलगे, मग मुली, हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. 1921-22 मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यांनी काम केले. फिजी आणि केनियातील हिंदी मजुरांच्या प्रश्नातही त्यांनी लक्ष घातले. 1924 मध्ये त्या गेल्या. गांधीजींनी त्यांच्यावर आदरांजलीपर लेख लिहिला. 1962 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. सेवासदन पुण्यात आजही आहे. नागपूर आणि सोलापूरला त्याच नावाच्या संस्था पुढे उभ्या राहिल्या.

त्यांच्या नावावरचे पुस्तक एकच म्हणावे असे, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, 1910 चे. त्यात त्या स्वतःविषयी कमी आणि पतीविषयी अधिक लिहितात. सेवासदनाचे तर त्यात जवळजवळ काहीच नाही, कारण ते नुकतेच सुरू झाले होते. म्हणून त्या वर्गात कोण बायका आल्या, पहिल्या दिवशी किती जणी होत्या, घरी काय सांगून आल्या, हे रमाबाईंच्या लेखणीतून आपल्याला मिळत नाही. मिळते ते अशा वह्यांमधून, ज्या कुणी जपल्या असतील तर.

मावशीने माझी चोळी दोन दिवसांत पुरी केली. कळ्या घातल्यावर दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच वाढले. मला दीड हवा होता. उरलेला अर्धा इंच तिने आत दुमडून ठेवला आणि त्यावर लांब टाक्यांची टीप घातली, पुन्हा उसवायला सोपी जावी म्हणून.